शब्द गोळा करायला गेले आणि हाताची घडी, तोंडावर बोट: जायकवाडीच्या फुगवट्यावरचे तीन दिवस

आमच्या सोसायटीतली माणसं दिवाळी झाली की बालीला जातात, केरळला जातात, अगदीच हात आखडता असेल तर महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरीबरोबर फोटो काढून येतात. मी नेवासा तालुक्यात गेले. तेही पदरमोड करून, आणि मासेमारीच्या हंगामी मजुरांना तिकडे काय काय म्हणतात हे विचारायला. बेत ऐकून शेजारच्या काकू "तब्येत बरी आहे ना गं?" असं विचारून गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही.

दोष सगळा माझ्या एका प्राध्यापक मित्राचा. त्याला सगळे 'सर' म्हणतात. मीही म्हणते, कारण दुसरं काही म्हटलेलं त्याला ऐकू येत नाही. सर बोलीभाषेचा कोश करताहेत. बरीच वर्षं करताहेत, आणि अजून 'क' संपायचाय. "तू देवळाली प्रवऱ्याची. तिकडची भाषा तुझ्या कानात असणार," असं म्हणून त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आमच्याकडे ऊस असतो, मासे नसतात, हे मी सांगून पाहिलं. उत्तरादाखल छापील तक्ता आला. शब्द, अर्थ, कोण वापरतं, उदाहरण. खाली टीप: 'किमान पंचवीस शब्द अपेक्षित.' पंचवीस शब्द तर मी रोज गवार मोडता मोडता नवऱ्यावर खर्च करते, म्हटलं त्यात काय एवढं.

नवरा म्हणजे अरविंद. निवृत्त झालाय, गाडी उत्तम चालवतो आणि बोलायचं काम त्याने लग्नानंतर माझ्याकडे सोपवलंय. तो "चल" म्हणाला. एवढंच म्हणाला.

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते, वाघोली मागे पडेपर्यंत आपण प्रवासाला निघालोय असं समजू नका, ती नुसती पूर्वतयारी असते. शिरूरला मिसळ खाल्ली. तिखट हवी का मध्यम, असं पोऱ्याने विचारलं, मी मध्यम म्हटलं आणि त्याने तिखट आणली. पुढे बाह्यवळण रस्त्याने गेलात तर शहर लागत नाही, फक्त ट्रक लागतात. पाट्यांवर सगळीकडे अहिल्यानगर झालंय आणि रस्ता विचारला की अजून सगळे 'नगर' म्हणतात, तेव्हा दोन्ही ओळखा आणि पुढे चला.

घोडेगावला बाजाराचा दिवस निघाला. म्हशी, टेम्पो, म्हशी भरलेले टेम्पो आणि त्यांच्या मधोमध आमची छोटी पांढरी गाडी. पाऊण तास आम्ही एका जाफराबादी म्हशीच्या मागे उभे होतो, पुढे जायची घाई फक्त आम्हालाच होती. मी म्हटलं, वेळ कशाला घालवा. उतरले आणि चहाच्या टपरीवर संशोधन सुरू केलं.

"दादा, धरणावर मासे धरायला हंगामाला बाहेरून माणसं येतात ना, त्यांना इकडे काय म्हणतात?"

टपरीवाल्याने माझ्याकडे, वहीकडे आणि मग गाडीत बसलेल्या अरविंदकडे पाहिलं. "मच्छीवाले म्हनत्यात. दुसरं काय म्हननार? म्हस घ्यायची का?"

शेजारी एक पांढरे कपडे घातलेले गृहस्थ बशीत चहा ओतत होते. त्यांनी घसा साफ केला. "तसं न्हाई, मॅडम. त्यांना मत्स्यव्यवसाय श्रमिक म्हनायचं." हे ते मला सांगत होते की येत्या निवडणुकीला, ते कळलं नाही. पण पलीकडे दावं वळत बसलेला एक म्हातारा हसला. "कशाचे शरमिक! पान्यावरले म्हनत्यात त्यान्ला. दिवाळी झाली की येत्यात, ऊन कडक झालं की जात्यात." मी तिन्ही शब्द उतरवून घेतले. पहिल्याच थांब्यावर तीन. बावीस राहिले, म्हणजे उद्या दुपारपर्यंत आटोपून शिर्डीलाही जाऊन येऊ, असा हिशेब मी अरविंदला ऐकवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्या बाजारात कोणीतरी मला सांगायला हवं होतं.

नेवासा फाट्यावर लॉज मिळाला. खोली बाराशे रुपये, गाद्या बऱ्या, आणि भिंतीवर 'गरम पाणी सकाळी ७ ते ८'. दोन्ही दिवस आम्ही पहाटे पाचला बाहेर पडलो, त्यामुळे गरम पाण्याबद्दल माझ्याकडे माहिती नाही. जेवणात बाजरीची भाकरी आणि रोहूचं कालवण होतं. रस्सा असा की दुसरी भाकरी मागताना लाजायचं नाही.

फुगवटा म्हणजे धरणाचं मागे पसरलेलं पाणी. फाट्यापासून आत आठ-दहा किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस, समोरून ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरवाल्याचा ठाम समज की रस्ता त्याच्या आजोबांनी बांधलाय. गावातली शेवटची इमारत शाळेची आहे, गाडी तिथेच लावा. पुढे ढेकळं आहेत. शाळेच्या मागे उतार, उतारावर बारा-तेरा झोपड्या, बांबू आणि निळ्या कागदाच्या, बाभळींवर वाळत टाकलेली जाळी, आणि मग पाणी. इतकं पाणी की पलीकडचा काठ आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. वासाबद्दल काही लिहीत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांनी बालीला जावं.

पहिल्याच झोपडीपुढे एक म्हातारबाबा जाळं विणत बसले होते. त्यांना सगळे नाना म्हणत. मी माझा उद्देश सांगितला, चांगला पाच मिनिटं सांगितला. नानांनी सुई थांबवली नाही.

"आमचं गाव पाथर्डीकडलं. तिकडं पानी न्हाई, मंग पानी हाय तिथं आलो. ह्यात ल्ह्यायसारखं काय हाय?"

तेवढ्यात त्यांची सून मंदा चहा घेऊन आली आणि माझी सोय झाली. मंदा म्हणजे तिशीतली, काटक, आणि बोलायला मोकळी. ती म्हणाली, गाववाले त्यांना पान्यावरले म्हणतात खरं, पण ते स्वतःला हंगामकरी म्हणतात. होडीत दोघं लागतात. वल्हं मारतो तो वल्ह्या, जाळं ओढून वर घेतो तो ओढ्या. जाळ्यात अडकलेले मासे काठावर बसून सोडवतात ते सोडव्ये, आणि ते काम बायकांचं. मी भराभर लिहीत होते. सात झाले.

मग नानांनी आपणहून तोंड उघडलं. "ही नुसती कामं न्हाईत, बाई. ती नावं हायत. काठावर ज्याचं त्याला नाव हाय, घ्या की बिनघोर. पान्यावर न्हाई घ्यायचं. होडीत बसलं की ओढ्याला ओढ्याच म्हनायचं, मंग पोटचा पोरगा का असंना."

"का बरं?"

"पानी नाव ध्यानात ठेवतं."

"आणि चुकून कोणी घेतलं तर?"

"ज्याचं घेतलं त्यानं त्या दिशी उतरायचं. जाळं हाय तिथं सोडायचं आन् माघारी यायचं." मी हे सगळं वहीत लिहिलं आणि खाली तीन रेघा मारल्या. तांबड्या पेनाने.

मंदाचा नवरा ज्ञानदेव झोपडीच्या सावलीत बसून दोर वळत होता, पण एकाच हाताने. दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं. नानांच्या होडीचा ओढ्या तोच. गेल्या उन्हाळ्यात उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि उजवा खांदा कायमचा बसला. मंदाने हे सांगताना आवाज खाली केला नाही, आणि त्यानेही मान वर केली नाही. होडी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेची. उद्या दुपारी संस्थेचा माणूस वही घेऊन येणार होता. ज्या होडीवर दोन धड माणसं नाहीत ती होडी दुसऱ्याला. नाना वल्हं मारू शकतात, जाळं ओढणं आता त्यांच्याने होत नाही.

"मी वडते म्हनलं," मंदा म्हणाली. "ह्या तळावर बाई जाळ्याला कधी न्हाई बसली. पर नाना म्हनले, सकाळी बघू."

"आणि नाही जमलं तर?"

"परवा मुकादमाचा टॅक्टर हाय. ऊस तोडायला जायचं." तिने शाळेकडे हनुवटी केली. "पोरगी चवथीत हाय. दोन सालं इथं शिकली, दारातनं दिसती ती शाळा. ऊस म्हनलं की शाळा बुडाली. आन् ह्यांच्या खांद्यावर मोळी कोन देनार?"

मी वहीचं पान उलटलं. देवळालीत लहानपणी आमच्या बांधावर दरवर्षी ऊसतोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या पडायच्या. त्यांना आम्ही काय म्हणायचो ते मला आठवतं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आठवत नाही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काठावर हजर झालो. पाण्यावर पातळ धुकं होतं. नाना पत्र्याच्या होडीत मागे बसले, मंदा पदर खोचून पुढे. काठावर सगळा तळ उभा. बायका बघायच्या नसल्यासारखं दाखवत बघत होत्या. ज्ञानदेव घोटाभर पाण्यात. होडी बरीच आत गेली आणि मंदाने जाळ्याचं टोक उचललं. हात एकापाठोपाठ एक, सावकाश, घाई नाही. जाळं वर येत होतं. पहिली चिलापी चमकली, मग आणखी दोन. काठावर कुणीतरी "जमतंय की" असं पुटपुटलं.

आणि नेमकं तेव्हाच ऊन आलं. धुक्यातून तिरपं, थेट तिच्यावर. अहो, ब्लॉग लिहिणारं माणूस आहे मी! फोन काढला. ती पाठमोरी. चेहराच दिसेना. आणि मग मी, पन्नाशी उलटलेल्या, एम. ए. झालेल्या बाईने, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मंदाऽऽ! इकडे बघ! हास जरा!"

आवाज माझा चांगला आहे, शाळेत संचलनाचे हुकूम द्यायला मीच असायचे. तो पाण्यावरून पार पलीकडे गेला असावा. मंदाने वळून पाहिलं. माझ्या बोटाने बटण दाबलं. आणि तिने हातातलं जाळं सोडून दिलं.

नानांनी होडी वळवली. ती काठाला लागेपर्यंत जो वेळ गेला तो मला अजून मोजता येत नाही. मंदा उतरली, माझ्यासमोरून गेली आणि थांबली. रागावलीही नाही. म्हणाली, "बाई, काल तर लिवून घेतलंत तुमी."

मी माफी मागायला सुरुवात केली. नानांची मागितली, मंदाची मागितली, ज्ञानदेवची मागितली, मध्ये रूढी, भावना, अनवधान असे शब्द वापरले. शेवटी अरविंद कानाशी येऊन म्हणाला, "माफी मागताना तरी थोडं कमी बोल."

नाना खाली बसले, बिडी पेटवली. "ह्याला एक इलाज हाय. ज्यानं नाव घेतलं त्यानं तोंड बंद ठिवायचं. तेच जाळं पुन्यांदा वर येईस्तवर. एक सबुद न्हाई. मंग ती उद्या सकाळी बसंल."

"पर संस्थेचा मानूस आज दुपारी येनार," ज्ञानदेव पहिल्यांदाच बोलला. नानांनी बिडीची राख झाडली.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. चोवीस तास! शब्द गोळा करायला आलेली बाई, आणि हाताची घडी, तोंडावर बोट. अरविंदच्या चेहऱ्यावर मी जे समाधान पाहिलं ते आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही.

सरांचे फोन सुरू झाले. पाचवा अरविंदने उचलला. "नाही, ती बोलू शकत नाही... घसा ठीक आहे... नाही, व्युत्पत्ती शोधतेय." आणि ठेवून दिला. एवढं विनोदी तो तीस वर्षांत बोलला नव्हता. मी हसलेही नाही, कारण हसले असते तर पाठोपाठ बोलले असते.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मंदाने मला एक प्लास्टिकची खुर्ची दिली, मी बायकांमध्ये बसले. दुसऱ्या होड्यांचे मासे येत होते, सोडवणं चाललं होतं. मी प्रश्न विचारत नाही म्हटल्यावर अर्ध्या तासात त्या मला विसरल्या आणि आपलं आपलं बोलू लागल्या. घर राखायला गावी ठेवलेल्या दिराचा विषय निघाला, तो घरराख्या. हंगाम अर्धा झाल्यावर येऊन मिसळणारा मधला गडी. काम टाळून जेवायच्या वेळेला बरोबर उगवणारा तो ताटकरी. मी लिहीत होते आणि मनातल्या मनात खूश होत होते. मग एका नव्याने आलेल्या बाईने माझ्याकडे बोट करून विचारलं, "आन् ही ताटकरी कोन म्हनायची?" दुपारी मी मंदाच्या हातची चौथी भाकरी संपवत होते, त्यामुळे हरकत घ्यायला जागा नव्हती. बोलायलाही नव्हती.

तीनच्या सुमाराला मोटारसायकल आली. गॉगल, काखेत वही, खिशाला दोन पेनं. संस्थेचा माणूस. मंदाचा हात मासे सोडवता सोडवता थांबला. त्याने एकेक होडी विचारायला सुरुवात केली आणि आमच्यापाशी येऊन अडखळला. खुर्चीवर चष्मेवाली बाई, मांडीवर वही, लाल पेन, आणि तोंडातून शब्द नाही.

"नमस्कार, मॅडम. कुठल्या ऑफिसच्या?"

मी त्याच्याकडे पाहिलं. दुसरं काय करणार?

"न्हाई, म्हंजे... तपासनी हाय का?"

मी वहीत 'तपासनी' लिहिलं. खरं तर 'ण'च्या जागी आलेल्या 'न'साठी. पण त्याने पेन हललेलं पाहिलं आणि गॉगल काढला. मग अरविंदला बाजूला घेतलं. "साहेब, मॅडम कशासंबंधी आल्यात?"

अरविंद आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही. "हंगामी कामगारांची माहिती घेताहेत. पुण्याहून."

संस्थेच्या माणसाने वही मिटली. "मंग असं करू. नोंदी उद्या सकाळी घेतो. जाळी वर आल्यावर, समक्ष. समदं रीतसर झालेलं बरं." जाता जाता मला वाकून नमस्कार केला आणि तळावरच्या पोरांना उगाचच "शाळंत जाता का न्हाई रे?" असं विचारलं. मोटारसायकलचा आवाज विरला आणि झोपडीच्या मागून मंदाच्या हसण्याचा आवाज आला. तोंडात पदर कोंबून हसत होती. एक रात्र तरी मिळाली होती.

तिसरी सकाळ. रात्रभर मी लॉजवर अरविंदशी खुणांनी भांडले होते, तो भाग सोडून देते. काठावर सगळे उभे होते, संस्थेचा माणूसही लवकर येऊन थांबला होता. पुन्हा नाना मागे, मंदा पुढे.

दोन रात्री पाण्यात राहिलेलं जाळं जड झालेलं. अर्धं वर आलं आणि अडकलं. या पाण्याखाली बुडालेली शेतं आहेत, बांध आहेत, बाभळीची खोडं आहेत. मंदाने जोर लावला. होडी एका अंगाला कलली. तिने आणखी जोर लावला, गुडघा कडेवर टेकला, आणि पत्र्याची कड पाण्याला लागली. पाणी आत येताना मला दिसलं.

माझं तोंड उघडलं होतं. "सोड, मंदा, सोड!" एवढं सगळं जिभेवर होतं. मी ओढणी दातात धरली आणि अरविंदचा हात इतका दाबला की त्याच्या अंगठीचा वळ माझ्या बोटावर राहिला. ज्ञानदेव कमरेइतक्या पाण्यात शिरला होता. खोड कुठे आहे ते त्याला ठाऊक, काय करायचं ते त्याला ठाऊक, आणि बायकोला हाक मारायची सोय नव्हती. नाव घ्यायचं नाही. आणि कामाचं नाव तिला अजून कोणी दिलंच नव्हतं. काल आणि आजही नाना तिला नुसतं "हां, हां" करत होते.

होडी आणखी कलली.

"ओढ्या!" नाना ओरडले. "ओढ्या, ढील दे! ढील दे आन् डावीकडं!"

काठावरून ज्ञानदेवच्या तोंडून "व्ह..." बाहेर पडलं. अर्धंच. इतक्या वर्षांची सवय. उरलेलं त्याने गिळलं.

"व्हय!" पाण्यावरून आलं.

मंदाने जाळं सैल सोडलं, होडी सरळ झाली. तिने डावीकडे सरकून पुन्हा ओढलं आणि जाळं खोडावरून सुटलं. मग हात एकापाठोपाठ एक, कालसारखेच. सगळं वर आलं. निम्मे मासे खराब झालेले, जाळ्याला दोन मोठी भगदाडं, पण दोन चांगल्या मरळ आणि बऱ्यापैकी चिलापी. हे सगळं मी ओल्या ओढणीतून पाहिलं. रडत होते, सांगायला कसली लाज.

ज्ञानदेव पाण्यातून बाहेर आला. मला वाटलं आता तो तसाच चालत गावात जाईल. गेला असता तर त्याला दोष देणारी मी कोण? तो क्षणभर नुसता उभा राहिला, पाणी निथळत. मग त्याने एक पोतं घेतलं, बायकांच्या ओळीत अंथरलं आणि मांडी घालून बसला. शेजारची म्हातारी थोडी सरकली. होडी काठाला लागली, मंदाने जाळं त्याच्यापुढे टाकलं आणि तो एका हाताने मासे सोडवायला लागला. मंदा त्याच्याकडे बघत उभी राहिली. "खालून सोडवा," ती म्हणाली, "कल्ल्याकडनं." "म्हाईत हाय," तो म्हणाला. त्याला माहीत नव्हतं, तेही दिसत होतं.

संस्थेच्या माणसाने वहीत नानांच्या होडीपुढे दोन नावं लिहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मंजूर!

"बोला आता," नाना मला म्हणाले. "जाळं वर आलं."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक दिवस साठवलेलं एवढं काही होतं. मी म्हटलं, "चहा आहे का?"

परतीचा रस्ता तोच. घोडेगावला या वेळी म्हशी नव्हत्या, नगरच्या पुढे एका ढाब्यावर शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी खाल्ली, दोघांचे तीनशे. आवर्जून थांबा. पुण्यापर्यंत मी फारशी बोलले नाही. वाघोलीत अरविंदने काळजीने कपाळाला हात लावून पाहिला.

सरांना तक्ता पाठवला. तेरा शब्द. सर नाराज आहेत. 'पंचवीस अपेक्षित होते' असं त्यांनी कळवलंय, आणि 'ओढ्या'पुढे 'कोण वापरतं' या रकान्यात मी 'ज्याने दिला तो' असं लिहिलंय, ते त्यांना शास्त्रीय वाटत नाही. मी म्हटलं, सर, तुम्ही एकदा स्वतः जाऊन विचारा. पण वही नेऊ नका, आणि फोन तर मुळीच नेऊ नका.

तो फोटो मात्र आला. ऊन अगदी हवं तसं, पाण्यावर धुकं, आणि मधोमध मंदाचा चेहरा, माझ्याकडे वळलेला, घाबरलेला. ब्लॉगवर टाकला असता तर वाहवा झाली असती. तो मी पुसून टाकलाय. म्हणून या लेखात फोटो नाही, कोणी कमेंटमध्ये मागू नये.

आणि तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत तळ असतो. मासे ताजे मिळतात. पोरं शाळेत जातात, त्यांच्यासाठी वह्या न्या.

परवा मंदाच्या नंबरवर फोन केला. ज्ञानदेवने उचलला. मंदा पाण्यावर होती. मी खांद्याची चौकशी केली.

"खांद्याला काय धाड भरलीय," तो म्हणाला. "भाकरीनं जीव काढलाय, ताई. सकाळी ती पान्यावर, मंग पोरीचा डबा माझ्याकडं. एका हातानं थापायची, गोलच येत न्हाई. पोरगी म्हनती, आप्पा, असली भाकरी शाळंत काढायला लाज वाटती."

"मग? नेत नाही का डबा?"

"नेती की," तो म्हणाला. "रोज नेती."